पंच्याऐंशी किलोचं खोकं

अक्कांनी कमरपट्ट्याचं टोक ओढून घेतलं आणि तळहाताने दाबून बसवलं.

"पोट आत घे. नवरदेवासारखा फुगून काय उभा राहिलायस?"

लेक हसला नाही. भिंतीला दोन्ही हात टेकून, पाठमोरा उभाच राहिला. उंच अंगाचा, रुंद खांद्यांचा माणूस. पण सात आठवड्यांत सदरा त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबायला लागला होता.

"आई, एक सांगायचंय."

"घट्ट झाला का?"

"नाही. ते खोकं..." त्याने भिंतीलाच सांगितलं. "ते रिकामं होतं."

अक्कांचा हात पट्ट्यावरच राहिला. आत सून भांडी विसळत होती, तिकडचा नळ बंद झाला. म्हणजे हिला आधीच ठाऊक होतं. घरात काय चाललंय ते सर्वांत शेवटी आपल्याला कळावं, हे अक्कांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

गोदामातून त्याला फळीवर निजवून इस्पितळात नेलं तो दिवस अक्का विसरल्या नव्हत्या. मणक्यातली गादी सरकली, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी गोदामाचा कारकून कागद घेऊन खाटेपाशी आला. लेक औषधाच्या गुंगीत होता, सून औषधं आणायला खाली गेली होती. बोलायला उरल्या अक्का. आणि अक्कांना बोलायला कुणी सांगावं लागत नसे.

"किती वजन होतं?" कारकुनाने विचारलं होतं.

"पंच्याऐंशी किलो! एकट्यानं उचललं माझ्या लेकानं. दुसरा कुणी हात लावून तरी दाखवू दे."

हा आकडा कुठून आला ते त्यांना आजही सांगता आलं नसतं. सत्तर म्हणावं, तर शेजारणीचा भाऊसुद्धा सत्तर उचलतो म्हणून ती मिरवत असे. कारकुनाने लिहून घेतलं. अक्कांनी तीन अक्षरं एकमेकांना टेकवून खाली सही केली, आणि लेकाचा अंगठा त्यांनीच धरून कागदावर उठवला.

मग ते खोकं गल्लीभर फिरलं. भेटायला येणारे "काय पैलवान" म्हणत आत यायचे. अक्का चहा ओतता ओतता सगळं पहिल्यापासून सांगायच्या. पडल्या पडल्या लेक छताकडे बघायचा. त्यांना वाटायचं, दुखतंय.

आणि काल पत्र आलं. सुनेने वाचून दाखवलं. पंचवीस किलोच्या वरचा माल एकट्याने उचलायचा नाही, हा गोदामाचा नियम. तो आपण मोडल्याचं आपल्याच जबाबात आहे. तरी कामावरून का काढू नये, ते आज दुपारी साडेबारा वाजता येऊन सांगावं.

"सात आठवडे मूग गिळून बसलास?" अक्कांचा आवाज चढला.

"काय सांगू? माल काढून झाला की खोकं मोडून खाली टाकायचं असतं. पण मोडायला वेळ जातो, आणि मिनिटाला एवढे नग काढायचे असं बांधून दिलेलं. म्हणून झाकण दाबून परत रॅकमध्ये ढकलतात. बाहेरून भरल्यासारखंच दिसतं. मी वीस किलोच्या हिशेबानं जोर लावला, आणि हाताला नुसता पुठ्ठा आला. सगळा झटका कमरेत." तो थांबला. "इस्पितळात कमरेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, भरलेल्यापेक्षा ते वाईट. पण लोक काय म्हणतील? एवढं धूड, आणि पुठ्ठ्यानं आडवं केलं."

"मग आज काय सांगणार आहेस?"

"तू सांगितलंस तेच. तुला चारचौघांत खोटं पाडू?"

अक्का खाटेच्या कडेला बसल्या. गुडघ्यावरची साडी त्यांनी हाताने सपाट केली, पुन्हा केली. सून दारात येऊन उभी राहिली होती, ओल्या हातांनी. तिच्या तोंडाकडे त्यांनी एकदाच बघितलं.

"बघत काय राहिलीस? त्याला चपला घाल. वाकायचं नाहीये त्याला."

गोदामात चौकशीची खोली म्हणजे मधोमध उभी केलेली काचेची पेटी. तिचं दार अर्ध्यावर अडकायचं, त्यामुळे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू यायचं. छताला भिडलेले रॅक, चिकटपट्टीची फर्रफर्र, कुठेतरी ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतंय. जेवायची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. माणसं डबे हातात धरून दाराबाहेर घुटमळत होती.

टेबलामागे चौकशीच्या बाई बसल्या होत्या, शेजारी सुपरवायझर उभा.

"जबाबात पंच्याऐंशी किलो लिहिलंय," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे?"

लेकाने मान खाली घातली. "ह..."

"नाही," अक्का म्हणाल्या.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आपण कोण?"

"याची आई. ते पंच्याऐंशी माझे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ठोकून दिले. हा गुंगीत होता, याचा अंगठा मी उठवला. खोकं रिकामं होतं, बाई. आत काही नव्हतं."

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. "रिकाम्यानं झोपवला की रे पैलवानाला!"

अक्कांचे कान तापले. त्यांनी पदर खांद्यावर ओढला आणि दाराकडे वळल्या.

"हसा. दुसरीचा असता तर मीही हसले असते, तुमच्यापेक्षा मोठ्यानं. पण खोटं मी बोलले, यानं नाही. हसायचं तर माझ्याकडे बघून हसा."



"रिकामं खोकं रॅकवर कसं असेल?" सुपरवायझर म्हणाला. "आपल्याकडे रिकामी खोकी मोडून खाली टाकतात. तसा नियमच आहे."

"मोडायला वेळ जातो, साहेब," लेक म्हणाला. आता तो सरळ उभा होता, पट्ट्याने जेवढं होऊ दिलं तेवढा. "झाकण दाबून परत आत सरकवतो. सगळेच. मीसुद्धा. मला लागलं ते कदाचित मीच ठेवलेलं असेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे दुसरं कुणी सांगेल का?"

बाहेर डब्याचं झाकण कुणीतरी लावलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. अक्कांनी लेकाकडे बघितलं नाही. यांच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही, तर आपण वेळ घालवला आणि अब्रूही घालवली, एवढं त्यांना कळत होतं.

मग अडकलेलं दार खांद्याने लोटत मुकादम आत आला. पिकलेल्या मिशांचा, साठीला टेकलेला माणूस.

"माझंही रिकामंच होतं," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. घरी सांगितलं, न्हाणीत पाय घसरला."



"मी सायकलवरून पडलो म्हणालो होतो," दारातून आवाज आला. मघाशी हसलेला तोच होता. "माझ्या बायकोनं सायकल विकायला लावली हो."

या वेळी हसू आलं ते वेगळं होतं. लेकही त्यात होता. कंबर धरून, बेतानं, पण हसला. अक्कांनी ते पाहिलं आणि झटकन दुसरीकडे बघितलं.

बाईंनी जुन्या जबाबावर आडवी रेघ मारली आणि कोरा कागद पुढे ओढला.

"तुमचा नवा जबाब आधी लिहू," त्या लेकाला म्हणाल्या. "नियम मोडल्याचं पत्र मी मागे घ्यायला सांगते. तुम्ही नीट बरे व्हा, मग न उचलता करायचं काम इथे काय आहे ते बघू." मग त्यांनी दाराकडे मान उंचावली. "बाकीच्यांनी एकेक करून या."

अक्कांनी वळून बघितलं. दारापासून रॅकपर्यंत माणसं उभी राहिली होती. एक जण या पायावरून त्या पायावर भार टाकत होता. एकाने चौकट धरली होती. मुकादमाची मूठ कमरेच्या मागे दाबलेली होती, आणि ती तिथे जात्याच असावी इतकी सवयीची वाटत होती.

"अहो साहेब," अक्का सुपरवायझरला म्हणाल्या, "सगळी कंबर गेलेली माणसं ही. उभी काय ठेवलीत? खुर्च्या आणा की."

तो बिचारा खरंच निघाला. कोपऱ्यातल्या खुर्च्यांची अख्खी चळत त्याने कवेत घेतली, तशा अक्का ओरडल्या,

"एकेक आणा!"