अठ्ठावीस मीटर

शाळेत तिला सगळे भिंगरी म्हणत. हजेरीपटावर वेगळं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुरतं. बाकावर बसली की तिचा एक पाय हलत राहायचा, आणि मग अख्खा बाक हलायचा. शेजारची मुलगी दर पाच मिनिटांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवायची. ही शेजारीण वर्गात पट्टी म्हणून ओळखली जायची, कारण समास आखल्याशिवाय तिला एक ओळ लिहिता येत नसे.

शहर संपता संपता जी वस्ती लागते, तिथली ही सरकारी शाळा. दोन मजले, मागे प्रयोगशाळेची नंतर बांधलेली इमारत आणि तिच्या भिंतीला खेटून मैदान. मुख्य दारातून आत गेलं की भिंतीवर शाळेच्या विक्रमांचा फळा होता. त्यावर आठशे मीटरच्या रकान्यात भिंगरीच्या दादाचं नाव अकरा वर्षं टिकून होतं: दोन मिनिटं चार सेकंद. आणि गेल्या महिन्यापासून मुलींच्या रकान्यात तिचंही आलं होतं, दोन मिनिटं चोवीस. रंग अजून ताजा वाटत होता. आई एकदा मुद्दाम शाळेत येऊन दोन्ही नावं बघून गेली, आणि दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसल्या बसल्या चार-पाच पेशंटांना तिने ते सांगितलंही.

नऊ दिवसांनी स्टेडियमवर निवडस्पर्धा होती. दोन-सव्वीसच्या आत आलं की थेट राज्याच्या संघात. खेळाच्या सरांनी तिची निवड गृहीतच धरली होती. तिचा गणवेशसुद्धा मापाला देऊन झाला होता.

त्याच आठवड्यात गणिताच्या बाईंनी प्रकल्प दिला. शाळेच्या आवारातलं काहीतरी मोजा, आकृती काढा, हिशेब लिहा. कोणी पाण्याची टाकी घेतली, कोणी जिना. भिंगरीने मैदान घेतलं, कारण त्यात बसावं लागत नव्हतं. आणि उत्तर आधीच माहीत होतं. एक फेरी म्हणजे चारशे मीटर. ते तर पाचवीतल्या मुलांनाही ठाऊक होतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती आणि पट्टी तीस मीटरची टेप घेऊन उतरल्या. पांढऱ्या फक्कीने आखलेल्या आतल्या रेघेपासून वीतभर बाहेर मोजायचं, असं पट्टी कुठूनसं वाचून आली होती. सरळ भाग पटकन झाले. वळणावर टेप वाकेना, म्हणून त्यांनी दोरी पसरली, खुणा केल्या आणि दोरी मोजली. बेरीज आली तीनशे शहाऐंशी.

पट्टी म्हणाली, आपलं काहीतरी चुकलंय. दुसऱ्यांदा मोजलं. तीनशे शहाऐंशी आणि वर एक वीत. तिसऱ्यांदा मोजेपर्यंत शिपाईकाका किल्ल्या वाजवत आले.

"सरळ भाग सात-सात मीटरनी कमी आहेत," पट्टी वहीत बघत म्हणाली. "वळणं बरोबर आहेत. म्हणजे एक फेरी चौदा मीटर छोटी."

आठशे म्हणजे दोन फेऱ्या. भिंगरीने तो गुणाकार तोंडाने केला नाही, पण तो झालाच.

दुसऱ्या दिवशी तिने प्रकल्पाच्या वहीत तीनशे शहाऐंशी खोडून चारशे लिहिलं आणि सरळ भागाची मापं त्याला जुळतील अशी बदलली. पट्टीने ते पाहिलं आणि वही मिटून बाजूला सरकवली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली की या पानावर माझं नाव घालू नकोस. पुढचे काही दिवस ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, आणि भिंगरीचा पाय थांबवायला कोणी उरलं नाही.

आता सरावाचीच धास्ती वाटू लागली. ती दोन फेऱ्या पळायची, रेघ ओलांडायची आणि थांबायचीच नाही. मनात पावलं मोजत आणखी अठ्ठावीस मीटर जायची आणि मग घड्याळ बघायची. दोन-एकोणतीस. दोन-तीस. एकदा दोन-अठ्ठावीस. सर लांबून ओरडायचे, अगं रेघ दिसत नाही का तुला, दम उगाच का घालवतेस? ती मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायची. सरांना सांगावं असं दहादा वाटलं. पण सांगितलं तर फळ्यावरचं आपलं नाव जाणार, आणि शेजारच्या रकान्यातलं दादाचंही. तिचं काय, महिन्याभराचं होतं. दादाचं अकरा वर्षांचं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. हात सोन्याचे, असं त्याच्या कंपनीतले लोक म्हणत. पण सुपरवायझरची परीक्षा आली की त्याला दरवर्षी काहीतरी काम निघायचं. यंदाचा फॉर्मही घरातल्या कपाटावर तसाच पडून होता. ऐन वेळी मी कच खातो, असं तो हसून सांगायचा. ही गोष्ट कुठून सुरू झाली ते घरात सगळ्यांना पाठ होतं. अकरा वर्षांपूर्वी तोही त्याच स्टेडियमवर गेला होता. हवे होते दोन-पाच. तो आला दोन-नऊमध्ये. परतताना बसमध्ये खेळाचे सर त्याला म्हणाले होते, तुझे पाय पक्के आहेत, मन कच्चं आहे. त्यानंतर दादाने पळण्याचे बूट घातले नाहीत.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, भिंगरी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. आईने दोनदा सांगितलं, एका जागी बस, मला भोवळ येतेय. दादा कामावरून आला, हात धुतले, आणि तिची ती अवस्था बघून तिला बाल्कनीत घेऊन गेला. त्याला वाटलं, पोरगी घाबरली आहे.

तो म्हणाला की हे होतंच. आपल्या रक्तातच असावं ते. माझंही असंच झालं होतं, आठवडाभर झोप नव्हती, आणि मग शेवटच्या वळणावर पाय दगडासारखे झाले. "पण तू माझ्यावर जाऊ नकोस," तो म्हणाला. "मी घाबरलो. तू घाबरू नकोस. बास."

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात तो दुसरा हिशेब अचानक सुटला. इतके दिवस तिने फक्त स्वतःचाच केला होता. सातशे बहात्तर मीटर दोन-चारमध्ये. त्याच वेगाने आणखी अठ्ठावीस. साडेचार सेकंद.

"दादा, तू घाबरला नव्हतास," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. टेप, दोरी, खोडलेला आकडा, पट्टीचं बाक बदलणं. तिचं झाल्यावर त्याने आत जाऊन पेन आणलं, आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तोच हिशेब स्वतः मांडला. दोन मिनिटं साडेआठ सेकंद. त्याने त्याखाली रेघ मारली, मग आणखी एक मारली.

सकाळी उजाडताच तो तिला उठवायला आला. खांद्यावर कामाची पिशवी होती, त्यात लोखंडी टेप. दोघं मैदानावर गेले आणि त्याने सगळं पुन्हा मोजलं, कामावर मोजतो तसं, गुडघ्यावर बसून, प्रत्येक खूण दोनदा बघत. तीनशे शहाऐंशी. तो प्रयोगशाळेच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे, पायाच्या दगडांजवळ, गवतात जुन्या धावपट्टीच्या कडेच्या विटांची एक ओळ अजून ओळखू येत होती. वळण पूर्वी तिथून जायचं.

सर साडेसहाला यायचे. त्या दिवशीही आले, शिट्टी गळ्यात, हातात प्लास्टिकचे नारिंगी कोन. दोघांना टेपसह पाहून त्यांचा चालण्याचा वेग कमी झाला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. आयुष्यभर मुलांना वेळेवर या म्हणून सांगत आलेला. त्यांनी कोन खाली ठेवले आणि विचारलं, किती आलं?

दादाने आकडा सांगितला.

सरांनी मान हलवली. त्यांनी काही झटकलं नाही, कोणावर ढकललंही नाही. इमारत बांधायला घेतली तेव्हा कुंपण सात मीटर आत आलं, असं ते म्हणाले. वर्षभरापुरतंच, असं तेव्हा सांगितलं होतं. त्यांनी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मग मुलांच्या वेळा सुधारल्या. पालक खूश झाले, मुख्याध्यापक खूश झाले, फळ्यावर नवी नावं यायला लागली. पहिल्या वर्षी सांगायचं राहून गेलं आणि दुसऱ्या वर्षी सांगायची लाज वाटली.

"मी स्टेडियमवर पळालो," दादाने विचारलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बसमध्ये मला तसं का म्हणालात?"

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "तू विचारलंस, माझं काय चुकलं," ते म्हणाले. "मला दुसरं काही सुचलं नाही."

भिंगरीला वाटलं, दादा आता आवाज चढवेल. त्याचे कान लाल झाले होते. पण तो वाकून टेप गुंडाळू लागला आणि अर्ध्यावर थांबला.

"सर, मैदान मोठं करायची गरजच नव्हती. सुरुवातीची रेघ अठ्ठावीस मीटर मागे मारायची. एक पसा फक्की."

सर म्हणाले, हो. दादा कामावर गेला.

त्याच दुपारी भिंगरीने वहीतलं पान फाडून नवीन लिहिलं आणि पट्टीसमोर ठेवलं. पट्टीने बेरीज तपासली, समास आखला आणि आपलं नाव घातलं. बाईंनी वही वाचली, दोघींना शिक्षकखोलीत बोलावून घेतलं, आणि मग स्वतःच उठून मुख्याध्यापकांकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर माइकसमोर उभे राहिले आणि जे मैदानावर सांगितलं होतं तेच सगळ्या शाळेला सांगितलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, आणि मग तेही थांबलं.

स्टेडियमवर भिंगरी दोन मिनिटं सत्तावीस पूर्णांक आठमध्ये आली. चौथी. जवळजवळ दोन सेकंदांनी निवड हुकली. सरावातल्या सगळ्या वेळांपेक्षा ही चांगली होती, पण हे तिच्याशिवाय आणि सरांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. सर घड्याळ घेऊन तिच्याजवळ आले, तिला आकडा दाखवला आणि म्हणाले, छान पळालीस. ती कठडा धरून वाकली आणि तिला उलटी झाली.

शाळेत मात्र सगळे तिच्यावर खूश होते असं नाही. फळ्यावरची धावण्याची सगळी नावं एका सकाळी पांढऱ्या रंगाखाली गेली, आणि त्यात बारावीच्या तिघांचीही होती. त्यातला एक जण जिन्यात तिला म्हणाला, स्वतःला जमलं नाही म्हणून आमचंही बुडवलंस. तिच्या बाकावर कोणीतरी करकटकाने काहीबाही कोरलं. पट्टी ते दोन मधल्या सुट्ट्या सुरीने खरवडत बसली.

दादाचं काय झालं हे सांगणं अवघड आहे. आईला वाटलं होतं, पोराच्या मनावरचं ओझं उतरेल. तसं लगेच काही झालं नाही. उलट तो अस्वस्थ झाला. सुट्टीच्या दिवशी पलंगावर पडून राहणारा माणूस आता सकाळपासून घरभर फिरायचा, नळ दुरुस्त करायचा, दुरुस्त केलेला पुन्हा उघडायचा. एकदा भिंगरीने विचारलं, तुला बरं वाटलं ना रे? त्याने पाना खाली ठेवला.

"वाटायला हवं," तो म्हणाला. "पण इतकी वर्षं रागवायला मी होतो. आता कोणावर रागवू? त्या म्हाताऱ्यावर? जमत नाही."

सरांशी तो पुन्हा बोलला नाही. रस्त्यात दिसले तर मान लववायचा, तेवढंच. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं. दादा तयार झाला, बूट घातले, दाराशी दहा मिनिटं उभा राहिला आणि गेला नाही.

दरम्यान मैदानावर नवी रेघ आली होती, अठ्ठावीस मीटर मागे. त्या रेघेवरून भिंगरी वर्षभर पळाली. आधी दोन-सत्तावीस, मग पावसामुळे महिनाभर काहीच नाही, मग घोट्याचं दुखणं, मग पुन्हा दोन-सत्तावीस. अकरावीत गणिताचे तास वाढले होते आणि पट्टी तिला पहाटे फोनवर प्रमेयं म्हणायला लावायची. पुढच्या निवडस्पर्धेत ती तिसरी आली, दोन-पंचवीस पूर्णांक नऊ. एक दशांश सेकंदाने आत.

त्या दिवशी दादाला सुट्टी मिळाली नव्हती. तिने फोन केला तेव्हा तो कुठल्यातरी इमारतीत होता, मागे लोखंडाचे आवाज येत होते. तिने आकडा सांगितला. मग त्याने विचारलं, शेवटच्या वळणावर पाय कसे होते? ती म्हणाली, दगडासारखे. तो म्हणाला, माझेही. आणि मग दोघांपैकी कोणीच लवकर फोन ठेवला नाही.