दोनशे सोळावर कोण बोलत नाही?

आमच्या घरी फोन आला तो १९६३ च्या दिवाळीनंतर. वडील त्यासाठी तीन वर्षं अर्ज करत होते. अमरावतीच्या कोर्टात त्यांना सगळे हरिहर वकील म्हणत. आपल्याला नंबर मिळाला, दोनशे सोळा, हे त्यांनी ओळखीच्यांना सांगितलं, अनोळखी लोकांना सांगितलं, आणि एकदा तर उलटतपासणी चालू असताना समोरच्या साक्षीदारालाही सांगितलं, असं त्यांचे ज्युनियर हसत हसत सांगत.

तेव्हा नंबर फिरवायची सोय नव्हती. फोन उचलायचा, टेलिफोन ऑफिसातला माणूस “नंबर?” म्हणायचा, आपण सांगितला की तो जोडून द्यायचा. म्हणजे कोणी कोणाला फोन केला हे त्या ऑफिसाला ठाऊक असायचंच. हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. माझ्या वडिलांनी ठेवलं नाही.

आई फोनला भ्यायची. परक्या पुरुषाचा आवाज थेट कानात शिरतो, हे तिला पटत नव्हतं. वाजला तर ती उचलायची, हातभर लांब धरायची आणि कोण जवळ असेल त्याच्या हाती द्यायची. मी घरी नसले की जवळ असायच्या त्या वच्छलाबाई, आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या. वच्छलाबाईंना जगात कशाचीच भीती नव्हती.

जानेवारीत एका दुपारी फोन वाजला आणि पलीकडून कोणी बोललंच नाही. रात्रीच्या जेवणाला वडील बसले असता वच्छलाबाईंनी ओट्यापासूनच सांगितलं, “कोनी बोलेच ना साहेब. नुसता सुसकारे टाकून राह्यला होता.”

त्या एका शब्दानं माझं वाटोळं केलं. ऐकीव पुराव्यावर कोणाला दोषी धरू नका, असं वीस वर्षं न्यायाधीशांना विनवणाऱ्या माझ्या वडिलांनी ताक-भात कालवता कालवता निकाल दिला. सुस्कारे टाकतो म्हणजे तरुण आहे. तरुण आहे म्हणजे कॉलेजातला आहे. कॉलेजातला आहे म्हणजे अनूच्या ओळखीचा आहे.

“हा इसम कोण ते कळेपर्यंत अनुपमाचं कॉलेज बंद,” वडील म्हणाले.

मी इंटर सायन्सला होते. फेब्रुवारीत केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. ते चुकलं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की पुढे काय, हे घरात ठरलेलंच होतं. अकोल्याचे रविकांतराव वकील आपल्या मुलासाठी मला मागत होते. ‘वर्ष गेलंच आहे, तर आता कार्य उरकून टाकू,’ हे वाक्य मला वडिलांच्या ओठांवर आधीच दिसत होतं. मी रडले, भांडले, दोन जेवणं टाकली. आईनं तिसरं टाकू दिलं नाही.

“पण मी केलंय काय?” मी विचारलं.

“तू काही केलंस असं कोण म्हणतंय? चौकशी चालू आहे,” वडील म्हणाले. चौकशी चालू असेपर्यंत आरोपी कोठडीत असतो, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मग कमलाकांतमामाला बोलावणं गेलं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, एका हायस्कूलचा हेडमास्तर होता आणि मुलांचे गुन्हे नुसत्या वासावरून ओळखतो असा त्याचा लौकिक होता. दिवाणखान्याचं दार लावून दोघांची खलबतं झाली. मामा बाहेर आला तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहत, जणू मी फळ्यावर काहीबाही लिहून पळाले होते.

आणि गंमत पाहा, त्या दिवसापासून फोन वाढले. आधी आठवड्यात एक आला होता. आता दिवसाला तीन यायला लागले, मग चार. उचलावा, तर पलीकडे शांतता. कधी श्वास, कधी खोकला. मामा संध्याकाळी येऊन विचारायचा, “आज किती?” आई म्हणायची, “चार.” मग मामा आणि वडील दोघंही मनातल्या मनात काहीतरी वजा करत असल्यासारखे गप्प बसायचे. तेव्हा मला ते कळलं नाही. त्यांच्या तोंडावरची काळजी मात्र खरी होती, हे मला आजही कबूल करायला हवं.

घरी बसलेल्या मुलीला दुसरं काम नव्हतं. मी केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये मागच्या पानापासून नोंदी सुरू केल्या. सव्वादोन, शांतता. तीन, शांतता. साडेचार, खोकला. वडिलांनी मला फोनला हात लावायची बंदी केली होती, तेव्हा उचलायच्या वच्छलाबाई. दहाव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. सव्वादोनचा फोन उचलून त्या कडाडल्या, “काहून रे मुडद्या, तोंडात सरकी भरली का? तुह्या मायनं तुले बोलाले नाई शिकोलं का रे? मुक्याच्या अवलादीचा!” आणि दाणकन ठेवून दिला. कॉलेज बंद झाल्यापासून मला पहिल्यांदा हसू आलं.

त्या संध्याकाळी वडील कोर्टातून आले ते लालबुंद होऊन. कोट खुंटीला लावायच्या आधीच म्हणाले, “सिंधू, वच्छलेला फोन घेऊ देत जाऊ नकोस. फार घाणेरडं बोलते. माणसाच्या आईपर्यंत जाते!”

आई “बरं” म्हणून आत गेली. मी जागच्या जागी उभी राहिले. वच्छलाबाई दुपारी काय बोलल्या ते ऐकणारी माणसं तीनच. मी, आई, आणि फोनच्या पलीकडचा मुका. आम्ही दोघींनी वडिलांना सांगितलं नव्हतं.

मी जर्नल उघडलं. सव्वादोन म्हणजे कोर्टाची मधली सुटी. बाररूममध्ये फोन होता. रविवारी सव्वादोनला फोन नाही. संक्रांतीला कोर्ट बंद, तेव्हाही नाही. घरात कोण फोन उचलतं, लगबगीनं उचलतं का, काय बोलतं, हे पाहायला माझा बाप रोज आपल्याच घरी मुक्यानं फोन करत होता!

मला इतका राग आला की जर्नलवर पेन्सिलीचं टोक मोडलं. पण मी जर्नल मिटून ठेवलं. वकिलाच्या मुलीला एवढं कळतं की तोंडी पुरावा टिकत नाही.

रात्री मी अगदी गरिबासारखी वडिलांसमोर गेले. “बाबा, टेलिफोन ऑफिसाला सगळं माहीत असतं ना? त्यांच्याकडून लेखी का नाही मागत?”

टेलिफोन ऑफिसाचे सुपरवायझर सूर्यभानजी आमच्या माहितीतले. चांदूर बाजारकडचे, मोठे भिडस्त गृहस्थ. वडिलांनी त्यांना फोनवर एकदा विचारलंही होतं. तेव्हा त्यांनी उत्तर दिलं होतं, “नाव सांगता येत नाही वकीलसाहेब, कायदा हाय. पन मानूस घरंदाज हाय, एवढं सांगतो.” घरंदाज म्हटल्यावर वडील जास्तच बिथरले होते. घरंदाज मुलं फार धोक्याची, असं त्यांचं मत होतं.

पण लेखी हा शब्द त्यांना गुळासारखा गोड लागायचा. त्यांनी त्याच रात्री तीन पानी अर्ज लिहिला. दोनशे सोळावर येणाऱ्या प्रत्येक फोनची वेळ व ठिकाण पंधरा दिवस नोंदवावं आणि प्रमाणित यादी अर्जदारास द्यावी, न दिल्यास अर्जदार योग्य त्या कोर्टात दाद मागेल.

तुम्ही विचाराल, यादीत आपणच येऊ हे एवढ्या हुशार माणसाला सुचलं कसं नाही? मी पण पुष्कळ विचार केला. नाहीच सुचलं. त्यांचा फोन हा फोन नव्हता, तपास होता. तपास करणाऱ्याचं नाव आरोपपत्रात येत नसतं. ते पंधरा दिवस सव्वादोनचा ठोका चुकला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सोमवारी माझं प्रॅक्टिकल असताना, रविकांतराव अकोल्याहून पक्की बोलणी करायला आले. वडिलांनी मुद्दामच तो दिवस नेमला होता. मुलीच्या नावावर किटाळ नको, सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष व्हावा, म्हणून सूर्यभानजींनाही यादी घेऊन बोलावलं. मामा होताच. मी पोह्यांच्या बशा घेऊन दाराशी उभी होते, माझ्यामागे आई.

सूर्यभानजींनी पाकीट काढलं आणि ते हातातच फिरवत बसले. “माह्यं ऐका वकीलसाहेब. हे पाकीट तुमी एकटेच वाचा. फोन आपोआप बंद होऊन जाईन, माही हमी.”

“एकट्यानं वाचायला ते प्रेमपत्र आहे का?” वडील म्हणाले. “भर बैठकीत वाचा. मोठ्यानं.”

“मंग मले बोल लावू नका,” सूर्यभानजी म्हणाले आणि त्यांनी चष्मा चढवला.

“दोनशे सोळा नंबरवर पंधरा दिवसांत न बोलता ठेवलेले फोन, सेहेचाळीस. पैकी, कोर्टाच्या बाररूममधून, तेवीस.”

“बाररूम!” रविकांतराव ओरडले. “म्हणजे वकील? एखादा ज्युनियर असणार!”

वडिलांनी पोह्याचा घास हातातच धरला होता. सूर्यभानजी खाली मान घालून वाचत राहिले. “फोन मागनार, खुद्द हरिहर वकील.”

बैठकीत इतकी शांतता झाली की ती आम्हाला ओळखीची वाटली. फोनमधली शांतता अशीच असायची.

“वाचा पुढचं,” मामा एकदम म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याची फजिती झाली की मेव्हण्याला थोडं बरं वाटतंच.

“हायस्कूलच्या ऑफिसातून, चौदा. फोन मागनार, हेडमास्तर.”

मामाचा खोकला सुरू झाला. साडेचारचा खोकला. मी तो कुठेही ओळखला असता.

“मी पाहत होतो की लाईन गुंतलेली असते का,” मामा म्हणाला. “मुलीच्या भल्यासाठीच!”

“पुढे हाय,” सूर्यभानजी म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. “अंबापेठ, डॉक्टरसाहेबांचा दवाखाना. नऊ.”

अंबापेठेतले ते डॉक्टर म्हणजे रविकांतरावांचे साडू. सगळ्यांनी रविकांतरावांकडे पाहिलं. त्यांनी पोह्यातला एक शेंगदाणा बाजूला काढला, मग दुसरा काढला. शेवटी म्हणाले, “साडूला मीच सांगितलं होतं. आमच्याकडे रीतच आहे. सून करायची तर मुलगी फोनवर कशी बोलते, हे नको का पाहायला?”

नेमका तेव्हाच फोन वाजला. तिन्ही आरोपी खोलीत बसलेले, आणि फोन वाजतोय! कोणी हलेना. आतून वच्छलाबाई आल्या, ओले हात पदराला पुसले आणि त्यांनी उचलला. क्षणभर ऐकलं. मग म्हणाल्या, “बोला ना डाक्टरसाहेब. तुमचंच नाव वाचून राह्यले इथं.” पलीकडून ठेवल्याचा आवाज मला दारापर्यंत आला.

“सेहेचाळीसच्या वर एक फोन अजून हाय,” सूर्यभानजी हळूच म्हणाले. “पन त्यात मानूस बोलला. चुकून लागला होता, ढोरांसाठी सरकी ढेप हाय का म्हनून इचारत होता.”

“थो तं मीच घेतला होता,” वच्छलाबाई म्हणाल्या. “लय चांगला मानूस होता. माफी मांगून ठेवला त्यानं.” मग वडिलांकडे वळून त्यांनी विचारलं, “मंग आता कोनाकोनाचं कॉलेज बंद करता, साहेब?”

मी बशा टेबलावर ठेवल्या. मला वाटलं होतं, या क्षणी मला हसू येईल. नाही आलं. माझे चार आठवडे गेले होते, वर्ष जाता जाता राहिलं होतं, आणि या तीन मोठ्या माणसांना लाज वाटत होती ती पकडले गेल्याची. माझी नाही.

“बाबा, उद्या अकरा वाजता माझं प्रॅक्टिकल आहे,” मी म्हणाले. “मी जाणार आहे.”

वडील काही बोलले नाहीत. त्या महिन्यात त्यांना न बोलण्याची सवय झालीच होती. रविकांतराव दुपारच्या गाडीनं अकोल्याला गेले आणि ‘पत्रानं कळवतो’ म्हणाले. ते पत्र आलं नाही. पहिला सुस्कारेवाला कोण होता, हे मात्र कधीच कळलं नाही. कदाचित तोही ढेपच शोधत असेल.

सोमवारी मी गेले. क्षार ओळखायचा होता, ओळखला. सर म्हणाले, इतके दिवस कुठे होतीस? मी म्हटलं, घरी प्रॅक्टिकल चालू होतं.

संध्याकाळी घरी आले तर आई एकटीच बैठकीत बसली होती, फोनच्या अगदी जवळ, एरवी ती त्या खुर्चीत कधी बसत नसे.

“सव्वादोनला वाजला,” ती म्हणाली. “वच्छला घरी गेली होती. मीच उचलला. कानाला लावला.”

“कोण होतं?”

“तुझे बाबा. आज बोलले. अनू गेली का कॉलेजात, म्हणून विचारत होते.”

“मग तू काय म्हणालीस?”

आईनं फोनवरचं क्रोशाचं झाकण नीट केलं.

“मी म्हटलं, गेली. पण आपण कोण बोलताय? आणि ठेवून दिला.”