भावाच्या मापाचा बूट

मित्रांनो, मी फुटबॉल खेळायचा एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. वसईजवळच्या पाचूबंदरात एका कोळ्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या फळीवर मी आणि माझा डावा जोडीदार शेजारी शेजारी पडून आहोत. आमची एकही शिवण उसवलेली नाही. चामडे अजून मऊ आहे. बूट म्हणून माझ्यात खोट काढायला जागा नाही. तरीही माझ्यापायी एका घरातले दोन भाऊ एकमेकांना पारखे झाले. ती हकिकत तुम्हाला सांगतो.

या घरात सॅन्टन आणि प्लासिड हे दोन भाऊ आणि त्यांची आई मालूबाय राहत. सॅन्टन नऊ वर्षांनी मोठा. ओहोटी लागली की किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत गावातली पोरे अनवाणी फुटबॉल खेळत. त्यांच्यात सॅन्टनसारखा खेळाडू कोणी नव्हता. मुंबईच्या एका संघाने त्याला बोलावलेही होते. पण त्याच सुमारास बाप तापाने गेला आणि एकोणिसाव्या वर्षी होडीचे सुकाणू सॅन्टनच्या हाती आले. तो मुंबईला गेला नाही. त्याविषयी तो कधी बोललाही नाही. मात्र धाकट्या प्लासिडला वाळूत चेंडू कसा अडवावा, कसा मारावा, हे त्याने हाताला धरून शिकवले.

१९४८ सालच्या ऑगस्टअखेरीस परळच्या एका गिरणीचे पत्र आले. गिरणीच्या संघात प्लासिडला आघाडीला खेळवायचे, मागावर नोकरीही द्यायची, सोमवारी हजर व्हावे, बूट स्वतःचे आणावेत, असे त्यात लिहिले होते. प्लासिड तेव्हा दुसऱ्यांच्या होडीवर चार दिवसांसाठी समुद्रात गेला होता. सॅन्टन पत्र घेऊन तसाच पापडीच्या बाजारात गेला. तिथे सोपाऱ्याचा नथू चपला-बूट शिवायला बसत असे. मला घडवणारा तोच.

नथू म्हणाला, “बूट ज्याचे त्याचा पाय आन. खेळायचे बूट हायेत, अंदाजानं नाय होनार.”

“तो दर्यात हाय. माझा पाय घे. भाऊच हाय तो माझा.”

“भावाचा पाय आन तुझा पाय एक असतो काय?”

“एकच हाय,” सॅन्टन म्हणाला आणि त्याने कागदावर पाय ठेवला.

त्याच्या पावलाभोवती नथूची पेन्सिल फिरत होती तेव्हा सॅन्टनचा चेहरा कसा फुलला होता, हे नथू पुढे मला शिवताना आपल्या बायकोला सांगत होता. घाई होती हे खरे. पण निदान एकदा तरी आपल्या पायाचे माप बुटासाठी घेतले जावे, ही त्या माणसाची हौसही खरी होती. तिच्याबद्दल त्याला दोष द्यावा असे मला अजूनही वाटत नाही.

नथूने मन लावून काम केले. जाड चामडे भिजवून लाकडी साच्यावर ताणले, दुहेरी शिवण घातली, पाय घसरू नये म्हणून तळाला चामड्याच्या गोल चकत्या ठोकल्या. रविवारी प्लासिड परतला आणि त्याने मला पायात चढवले. त्याचा पाय आत येताच मला कळले की हा तो पाय नव्हे. प्लासिडचे पाऊल भावापेक्षा चांगले बोटभर रुंद होते.

“दादूस, घट्ट होतात रे,” तो म्हणाला.

सॅन्टन खाली वाकून माझी नाडी बांधत होता. त्याचा हात क्षणभर थांबला. मला वाटले, आता सांगेल.

“चामडं हाय. पायात घालून सैल व्हतं,” तो म्हणाला.

मित्रांनो, बुटाला जीभ असते, पण ती बोलत नाही. मी सैल व्हायचा फार प्रयत्न केला. प्लासिडने मला पाण्यात भिजवले, आत चिंध्या कोंबल्या, तेल चोळले. नथूचे काम इतके पक्के होते की मी ताणलो गेलो नाही. मुंबईच्या मैदानात पहिल्याच सामन्यात त्याची करंगळी सोलवटली. दुसऱ्या सामन्यात अंगठ्याचे नख काळे पडले. मोज्यातून झिरपलेले रक्त माझ्या तळाला चिकटून वाळायचे आणि पुढच्या वेळी त्याच जागी पुन्हा ओले व्हायचे. संघातल्या कोणाला त्याने हे सांगितले नाही. नवे बूट सगळ्यांनाच चावत असतील, आपणच नाजूक, असे त्याला वाटायचे.

तिसऱ्या सामन्यात शेवटची पाच मिनिटे राहिली होती. चेंडू त्याच्यासमोर आला. गोलरक्षक पडलेला, गोल उघडा. वाळूत हे त्याने डोळे मिटून केले असते. तो धावला, पाय उचलला, आणि मारण्याच्या क्षणी वेदनेने त्याचा पंजा आखडला. चेंडू माझ्या कडेला लागून बाहेर गेला. मैदानाभोवती हशा उसळला. “बोंबील! बोंबील!” लोक ओरडू लागले. सामना सुटल्यावर संघाच्या चिटणिसाने त्याला बाजूला घेतले.

“तू वाळूतच खेळ बाबा. मैदान तुझं काम नाही.”

महिना संपायच्या आत मागावरचे कामही गेले. मला नाडीने गळ्यात अडकवून प्लासिड घरी आला.

त्याच्या पायांची दशा बघून मालूबायने तोंडावर हात ठेवला. ती हळद लावत असताना सॅन्टन दारात उभा होता. आता तरी तो बोलेल, असे मला वाटले. पण चूक लपवणारा माणूस कठोर होतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

“मला जे मिळालं नाय ते तुला मिळवून दिलं,” सॅन्टन म्हणाला. “तू घालवून आलास.”

 प्लासिडने आम्हा दोघांना उचलून बाहेर, जाळी वाळत घालायच्या जागेपलीकडे भिरकावून दिले. संध्याकाळी सॅन्टनने आम्हाला उचलून आणले आणि या फळीवर ठेवले.

पुढची दोन वर्षे या घराला आनंद माहीत नव्हता. प्लासिड जाळी विणायचा, मासळी वाळवायचा, भावाच्या होडीवर जायचा. ओहोटीला पोरे बोलवायला आली की म्हणायचा, “माझ्या पायातच खोट हाय.” लग्नाची बोलणी आली, तीही त्याने परतवली. ताटावर दोघे भाऊ समोरासमोर बसत आणि एक शब्द न बोलता उठत. मी वरून बघत असे.

१९५० च्या नाताळात बॅप्टिस्ट नावाचे गृहस्थ घरी आले. ते जवळच्याच सांडोर गावचे, मुंबईच्या गोदीत मुकादम होते आणि गोदी कामगारांचा फुटबॉल संघ चालवत. वाळूतून जाताना कोणा पोराचा चुकलेला चेंडू प्लासिडने होडीजवळून नुसता परत मारला, तेवढे त्यांनी पाहिले होते.

“मालूबाय, ह्या पोराला मी नेतो,” ते म्हणाले.

“तो गिरणीच्या संघातून परत आलाय,” सॅन्टन पटकन म्हणाला.

“बूट घालून मला जमत नाय,” प्लासिड पुटपुटला.

“मी बूट कुठं मागितले? माझी अर्धी पोरं घोट्याला पट्टी बांधून अनवाणी खेळतात.”

बॅप्टिस्टांची नजर फळीवर गेली. त्यांनी मला खाली काढले आणि प्लासिडच्या पावलाशेजारी जमिनीवर ठेवले. 

“हा बूट तुझा? कोणाच्या मापानं केला?”

प्लासिडने भावाकडे पाहिले. खरे बोलण्याची इतकी सोपी वेळ माझ्या आयुष्यात मी कोणावर आलेली पाहिली नाही.

“नथूनं माप चुकवलं,” सॅन्टन म्हणाला.

हे वाक्य घरात राहिले नाही. नथू माप चुकवतो, त्याच्यापायी पाचूबंदरच्या पोराची नोकरी गेली, असे बाजारभर झाले. नथूसमोर बसणारी गिऱ्हाइके दुसरीकडे बसू लागली.

प्लासिड गोदीच्या संघात गेला आणि मित्रांनो, त्याचे नशीब पालटले. अनवाणी पावलांनी तो असा खेळला की गोदीतली माणसे पाळी संपवून थेट मैदान गाठू लागली. एका हंगामात त्याने सतरा गोल केले. वर्तमानपत्रात नाव आले. मालूबाय ते कात्रण शेजारच्या शाळामास्तरांकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची.

१९५१ च्या मोसमात गोदीचा उपांत्य सामना त्याच गिरणीशी ठरला. सॅन्टनने मला पिशवीत घातले आणि गाडीने मुंबई गाठली. पिशवीच्या तोंडातून मी तो सामना पाहिला. प्लासिडने दोन गोल केले. दुसऱ्या वेळी तीन बूटवाले त्याच्या अंगावर आले, तो त्यांच्यामधून पाण्यासारखा निघून गेला. आजूबाजूचे लोक त्याचे नाव घेऊन नाचत होते. सॅन्टनही एकदा जोरात ओरडला आणि मग त्याने पिशवी छातीशी धरली. माझ्या नशिबी असा एकही गोल नव्हता. माझ्यातून त्या पायांची सुटका झाली म्हणून ते धावत होते, हे मला पिशवीत बसून बघावे लागले.

सामन्यानंतर प्लासिड नळाखाली पाय धूत होता.

“दादूस! तू आलास?” तो ओल्या हातांनीच भावाच्या गळ्यात पडला.

“नथूनं माप चुकवलं नवतं,” सॅन्टन म्हणाला. “तू दर्यात होतास. माप मी माझ्या पायाचं दिलं.”

प्लासिडचे हात सुटले. नळ वाहतच होता.

“मी घट्ट होतात म्हनालो, तवा का नाय सांगितलंस?”

“वाटलं सैल व्हतील. मंग लाज वाटली.”

“दोन वरसं, दादूस. दोन वरसं मी माझ्या पायाला शिव्या घातल्या. तू समोर बसून जेवत होतास.”

“मार मला. ओरड तरी.”

प्लासिडने नळ बंद केला. “आयला सांग, मी बरा हाय,” एवढे बोलून तो आपल्या संघाच्या पोरांत निघून गेला.

सॅन्टन दुसऱ्या दिवशी नथूकडे गेला. परत येऊन त्याने आईला सांगितले नाही, पण जाळे विणताना तो एकटाच बोलत असे, त्यातून मला कळले. नथू म्हणाला होता, “मला सांगून काय व्हनार? ज्या बाजारात माझं नाव घालवलंस, त्या बाजारात सांग.” पापडीचा आठवडी बाजार शुक्रवारी भरे; सॅन्टन लागोपाठ तीन शुक्रवार तिथे गेला. उभा राहिला, मासळी विकली, परत आला. चार माणसांसमोर त्याचे तोंड उघडले नाही. चौथ्या शुक्रवारी नथूची जागा रिकामी होती. तो कुटुंब घेऊन कुठे गेला, कोणाला माहीत नव्हते.

प्लासिड घरी येईनासा झाला. सणाला आई त्याला भेटायला मुंबईला जाई, सुकी मासळी देई, आणि आल्यावर विचारी, “तुमचं दोघांचं काय झालं रे?” सॅन्टन म्हणे, “कामात असतो तो.” पुढे सगळ्याच खेळाडूंना बूट सक्तीचे झाले. प्लासिडने आपल्या मापाचे करून घेतले आणि त्यांतही तो उत्तम खेळला, असे बॅप्टिस्ट एकदा सांगून गेले. त्या दिवशी मला फार एकटे वाटले. बूट वाईट नव्हते, मित्रांनो. मीच तेवढा दुसऱ्याचा होतो.

१९५५ मध्ये मालूबाय गेली. शवपेटीला पुढून सॅन्टनने खांदा दिला, मागून प्लासिडने. चर्चपासून दफनभूमीपर्यंत दोघे त्या एका ओझ्याखाली चालले, असे नंतर घरी आलेले शेजारी बोलत होते. घरी आल्यावर प्लासिड स्वयंपाकघरात आला, आईच्या चुलीजवळ उभा राहिला. मग त्याने हात वर करून मला खाली घेतले. माझ्यावर धूळ नव्हती. दर रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेहून, मिस्साहून, आल्यावर सॅन्टन मला तेल लावून पुसतो, ते त्याला माझ्या अंगावर दिसले असावे. त्याने मला उलटेपालटे केले, शिवणीवरून अंगठा फिरवला.

“बरे राखलेस,” तो म्हणाला.

सॅन्टनने मान हलवली.  प्लासिडने मला परत ठेवले, तळहाताचे तेल पुसले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाला. तो पुन्हा आलेला नाही.

मित्रांनो, मी वस्तू आहे. वस्तू तुम्हाला सांगतात, आमची निगा राखा. माझे तसे काही मागणे नाही. माझ्याइतकी निगा या किनाऱ्यावर कोणत्याच बुटाची कोणी राखली नसेल. पण बुटाला कितीही तेल लावले तरी सोललेला पाय बरा होत नाही. तुमच्या प्रेमाचे माणूस तुमच्यासमोर लंगडत असेल, तर तुम्हाला माहीत असलेले खरे त्याला त्याच दिवशी सांगा. लाज वाटेल, तरी सांगा. सॅन्टन आज रविवार म्हणून आता मिस्साहून येईल. तो मला मांडीवर घेऊन पुसू लागेल, आणि मी त्याला काहीच सांगू शकणार नाही.