सात नंबरची मूस आणि धुतलेलं पाचट

मी एक जुनी मूस आहे. चिनी मातीची, मुठीत मावेल एवढी वाटी. कोल्हापुरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. बुडावर सात आकडा आहे, तेच माझं नाव.

मित्रांनो, हल्ली उसाचं पाचट दाबून त्याच्या कांड्या करतात आणि कोळशाऐवजी त्या बॉयलरमध्ये जाळतात. त्याआधी पाचटात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते मोजावं लागतं. पाचटाची पूड माझ्यात घालून मला लालबुंद भट्टीत ठेवतात. मागे उरलेल्या राखेतलं पोटॅशियम यंत्र मोजतं. क्लोरीनसाठी पुडीतली वेगळी चिमूट घेतात. पोटॅशियम फार असलं की बॉयलरमध्ये राख वितळून चिकटते. जोडीला क्लोरीन असला की तो बॉयलरच्या नळ्या खातो.

आजऱ्याच्या काजूची टरफलं, भाताचा तूस, सगळं माझ्यात जळलं. रसायनं तपासणाऱ्या राजनंदिनी मॅडम म्हणायच्या, "सात नंबर कधी चुकत नाही."

पूड करायचं काम ज्ञानूचं. त्याची बायको शालूबाई एका कारखान्यात बॉयलरच्या तोंडाशी घमेल्यानं कांड्या टाकायची. त्या कांड्यांचं पाचट आमच्याकडेच तपासायला यायचं. नदीकाठच्या खारवट जमिनीतलं, चिखलानं माखलेलं. ज्ञानू असं कुठलंही पाचट आधी नळाखाली चोळून धुवायचा. "चिखलासकट दिलं तर मॅडम काय म्हणतील?" मॅडमच्या हाती पूडच जायची, म्हणून त्यांना ते कधी कळलं नाही. मातीबरोबर पाचटातला क्षारही वाहून जातो, हे ज्ञानूला कुणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं. पण मुशीला वाचा नसते.

एका शनिवारी नळाला पाणी आलं नाही. पाचट तसंच वाळवलं, दळलं आणि माझ्यात आलं. भट्टीत राख वितळली आणि माझ्या बुडाला काचेसारखी चिकटली. मोजलेले आकडे नेहमीच्या कितीतरी पट निघाले.

मॅडमनी कपाळाला आठी घातली. "काका, मूस घासली नव्हती का? परत लावा."

ज्ञानू वरमला. दुपारी पाणी आलं. त्यानं मला वाळूनं घासलं, तरी डाग निघाला नाही. दुसरं पाचट स्वच्छ धुऊन दुसऱ्या मुशीत लावलं. आकडे खाली आले, मॅडमनी अहवालावर सही केली.

संध्याकाळी शालूबाई त्याला न्यायला आली. पदराच्या गाठीतून तिनं बॉयलरमधल्या वितळून घट्ट झालेल्या राखेचा एक खडा काढला.

"अवं, ह्ये बघा. बॉयलरनं परसाद दिलाय."

"खडीसाखर म्हणून खाऊ काय?"

"खावा की. आतनं सूं सूं आवाज येतोय आठ दिस. मुकादमाला सांगितलं तर म्हणतोय, मावशी, बॉयलर तुमच्यासाठी शीळ घालतंय."

ती हसली. ज्ञानू हसला नाही. त्यानं खडा माझ्यात ठेवला. खड्याचा आणि माझ्या डागाचा रंग एकच होता. त्यानं दोन्हींवरून नख फिरवून पाहिलं.

"मॅडम गेल्या. उद्या रविवार हाय. सोमवारी इचारतो."

"इचारा. आमाला कुठं रविवार हाय?"

खडा माझ्यातच राहिला. रविवारी प्रयोगशाळा बंद होती. बॉयलर चालू होता. दुपारी त्याची एक नळी फुटली आणि उकळती वाफ तोंडाशी उभ्या असलेल्या शालूबाईवर आली. ती वाचली नाही.

तेराव्यानंतर ज्ञानू कामावर आला. मॅडमपुढे उभा राहिला. "मॅडम, पाचट मीच धुवायचो. दर खेपंला." मॅडमनी ताजा नमुना मागवला. त्याच शेतातलं पाचट न धुता लावलं. त्या शनिवारसारखेच मोठे आकडे आले. त्यांनी कारखान्याला फोन केला, मग मला हातात घेतलं आणि डागावरून ब्रश फिरवायला लागल्या.

"ऱ्हाऊ दे, मॅडम," ज्ञानू म्हणाला.

तेव्हापासून मी फळीवर आहे, खड्यासकट. आता मला कुणी भट्टीत घालत नाही. आमचे जुने, चांगल्या आकड्यांचे अहवाल मात्र आणखी कुठल्या कुठल्या कारखान्यांच्या फायलींत आहेत. त्या बॉयलरांपुढे आजही कुणीतरी घमेलं घेऊन उभं असेल.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागते: तपासायला आणाल ते जसं आहे तसं आणा, चिखलासकट. आणि आतून आवाज येतो असं कुणी सांगितलं, तर सोमवारची वाट बघू नका.