सुताराची स्टेपनी

नवी गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी सुताराच्या बायकोनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि तिचं नाव 'सवत' ठेवून टाकलं. कारण उघड होतं. कपाटं, पलंग, टेबलं गिऱ्हाइकांकडे पोचवायला घेतलेला तो विजेवरचा छोटा ट्रक आल्यापासून सुतार सकाळी उठून आधी त्याच्याकडे जायचा, बायकोकडे आणि चहाकडे नंतर.

सुताराच्या सासूबाईंना मात्र गाडीचं वेगळंच काही बघायचं होतं. त्यांचा जन्म ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यात गेला होता. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, आणि तो गेल्यावर त्या आपलं जाडजूड शिलाई मशीन घेऊन लेकीकडे राहायला आल्या होत्या. मशीन सुताराच्या कारखान्यातच खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसवलं होतं. म्हणजे सासू आणि जावई दिवसभर एकाच छपराखाली काम करायचे, पण दोघांमधलं बोलणं 'चहा घेता का' आणि 'पंखा जरा कमी करा' याच्या पुढं कधी गेलं नव्हतं. भांडण कसलंच नव्हतं. दोघंही मुलखाचे संकोची, एवढंच.

त्या दिवशी सासूबाईंनी पदर खोचला, वाकून गाडीच्या मागच्या बाजूला खाली पाहिलं आणि विचारलं, "हिची स्टेपनी कुठंय?"

"नसते यात," सुतार म्हणाला.

"नसते म्हणजे? द्यायची विसरले?"

"देतच नाहीत. वजन वाढतं म्हणे. एक डबा दिलाय. पंक्चर झालं की त्यातला फेस टायरमध्ये सोडायचा आणि हवा भरायची."

"आणि टायर फाटला तर?"

"फोन करायचा. ते येतात."

"डोंगरात?"

सुतार डोकं खाजवायला लागला. त्याच्या निम्म्या ऑर्डरी वरच्या डोंगरातल्या वस्त्यांमधून यायच्या आणि तिथं फोनला रेंज मिळाली तर नशीब.

"बॉनेट उघडा बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं उघडलं. आत स्वच्छ, कोरडी, रिकामी जागा होती, एखाद्या मोठ्या पेटीसारखी. सासूबाईंनी हात घालून तिचा तळ चाचपला, कोपरे चाचपले.

"अगंबाई! आमच्या ह्यांनी अर्धं आयुष्य बॉनेटमध्ये डोकं घालून काढलं. आणि इथं काहीच नाही?"

"जे काय आहे ते खाली आहे," असं म्हणून सुतारानं जमिनीवर पोतं अंथरलं आणि आडवा होऊन गाडीखाली सरकला. त्याला वाटलं, सासूबाई वाकून बघतील. पण त्यांनी दुसरं पोतं अंथरलं आणि त्याही पाठीवर झोपून आत सरकल्या. दोघं शेजारी शेजारी वर बघत पडून राहिले. वर ना धुराचा पाइप होता, ना तेलाचा थेंब, ना काजळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सपाट, गुळगुळीत, काळी लादी. ती बॅटरी. गाडीचं बरंचसं ओझं तिच्यातच होतं, आणि ते दोघांच्या नाकापासून वीतभर अंतरावर बिनआवाज लटकत होतं. सुतारानं आजवर पुस्तिकेतलं चित्र पाहिलं होतं, पण अंगावर आलेलं ते वजन त्याला पहिल्यांदाच जाणवलं.

"हिला जॅक लावायचा कुठं?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं, जणू मोठ्यानं बोललं तर ती खाली येईल.

दुसऱ्या दिवसापासून दोघं कामाला लागले. जॅकची जागा पुस्तिकेत सापडली. चारही चाकांजवळ बॅटरीच्या कडेला बशीएवढ्या चार खोबणी होत्या. जॅक तिथंच लावायचा. चुकून बॅटरीच्या पोटाला लागला तर गाडी कामातून गेली. सासूबाईंकडे नवऱ्याचा बाटलीसारखा ठेंगणा जॅक होता, पण त्याचं डोकं खोबणीत बसेना. मग सुतारानं जुन्या दाराच्या चौकटीचं कठीण लाकूड काढलं आणि लेथवर फिरवून त्याचा गोल ठोकळा केला. ठोकळ्याला खालून जॅकच्या डोक्याएवढा खड्डा पाडला आणि वरून रबराचा तुकडा चिकटवला. खोबणीत तो असा बसला की सासूबाईंनी हलवून पाहिला आणि नुसती मान डोलावली. सुताराला ती मान एखाद्या बक्षिसासारखी वाटली.

चाकाचं मात्र सहजासहजी जमलं नाही. भंगारवाला म्हणाला, "चाक ते चाक, घेऊन जा कुठलंही." त्याच्या ढिगाऱ्यातून दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं, जरा अरुंद पण उंचीला जवळपास तेवढंच चाक दोघांनी निवडलं. नटांची भोकं बरोबर जुळत होती. घरी सुतारानं पुस्तिकेतल्या मापांवरून चाकाच्या बैठकीचा लाकडी साचा केला होता; त्यावर चढवून पाहिलं तर मधलं भोक केसभर लहान निघालं आणि चाक बसेचना. सुतारानं कानस हातात घेतली.

"हे लाकूड नाही, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "घासून बसवलेलं चाक चालत्या गाडीखाली मला नको."

त्यानं कानस ठेवली. परत भंगारात गेले, या वेळी मोजमापं घेऊन. भंगारवाल्यानं कपाळाला हात लावला, पण सगळा ढिगारा उपसू दिला. संध्याकाळी काळ्याकुट्ट हातांनी दोघं तसंच एक अरुंद चाक घेऊन परतले आणि ते साच्यावर खट्ट करून बसलं. टायर जुना होता म्हणून तो काढून नवा चढवून घेतला.

मग गाडी पहिल्यांदा उचलायचा दिवस आला. सुताराची बायको कारखान्याच्या दारात उभी राहिली, पण आत यायला तयार नव्हती. "सवतीखाली मी मरणार नाही," म्हणाली. सुतारानं गाडीतल्या पडद्यावरचं जॅकचं बटण दाबलं. ते दाबलं नाही तर ही गाडी आपल्या मनानं उंची कमीजास्त करत बसते. दुसऱ्या बाजूच्या चाकांना त्यानं लाकडाच्या पाचरी लावल्या, नट सैल केले, जॅकखाली फळी सरकवली आणि दांडा सासूबाईंच्या हातात दिला.

"मी?"

"जॅक तुमचा आहे."

त्यांनी दांडा दाबला. पुन्हा दाबला. काही झालं नाही. मग गाडीचा कोपरा हळूच, अगदी हळूच, वर निघाला. इंजिनाची घरघर नाही, कुठं करकर नाही. एवढं मोठं धूड एका म्हाताऱ्या हाताखाली श्वास घेतल्यासारखं वर येत होतं. चाकानं जमीन सोडली तेव्हा सासूबाईंनी दांडा सोडला आणि आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या.

"आयुष्यभर ह्यांना 'लवकर आटपा' म्हणत आले," त्या म्हणाल्या. "हे काय करत होते ते मला आज कळलं."

 सुतारही त्या हाताकडेच बघत होता.

सासूबाईंनी जाड कॅनव्हासची एक लांब पिशवी शिवली. तिच्यात जॅक, ठोकळा, पाना, पाना लांबवायला लोखंडी पाइप, छोटी फळी, पाचरी आणि हातमोजे, प्रत्येकाला आपापला कप्पा. पिशवी गुंडाळली की चाकाच्या पोकळीत चपखल बसायची. चाकालाही टोपी शिवली. सगळं मिळून बॉनेटखालच्या पेटीत पट्ट्यांनी आवळून टाकलं.

"माझ्यासाठी एवढ्या मायेनं कधी काही शिवलंस का गं?" लेक म्हणाली.

"तू कधी डोंगरात पंक्चर झालीस का?" आई म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात वरच्या वस्तीतल्या एका बाईंचं कपाट पोचवायचं होतं. कपाट मोठं, दोन दारांचं. त्याची गवसणी सासूबाईंनीच शिवली होती, म्हणून नीट उतरवलं जातं का ते बघायला त्याही निघाल्या. वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. गाडी चढत होती आणि आत टायरांच्या सरसरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. एका अरुंद वळणावर समोरून आलेल्या बसला वाट द्यायला सुतारानं गाडी कड्याच्या बाजूला घेतली. तिथं खडकाचा एक धारदार कंगोरा बाहेर आला होता. फाडकन आवाज झाला आणि गाडीचा मागचा कोपरा बसला.

टायर बाजूनं हातभर फाटला होता. फेसाचा डबा आता केस धुवायलाही उपयोगाचा नव्हता.

दोघं बॉनेट उघडतात न उघडतात तोच खालून एक जीप आली. तिच्यावर झेंडे, दिवे आणि मोठी पाटी. तिच्यातून नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस हात हलवत उतरला.

"गाडी काढा इथून! मागून पातं येतंय."

"कसलं पातं?" सासूबाईंनी विचारलं.

"पवनचक्कीचं. या वळणाला त्याला सगळा रस्ता लागतो. वारा वाढायच्या आत वर पोचलं नाही तर आज खांबावर चढवता येणार नाही. जीप लावून ओढून काढू का तुम्हाला?"

सुतारानं खाली वाकून पाहिलं. गाडीचं पोट आणि खडक यांच्यात जेमतेम चार बोटं उरली होती. "ओढली तर बॅटरी खडकाला घासेल," तो म्हणाला. "आम्ही चाक बदलतो."

"या गाड्यांना स्टेपनी असते?"

"हिला आहे," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी रस्त्यावर उलगडली.

सुतारानं पाचरी ठोकल्या, पडद्यावरचं बटण दाबलं. या चाकाचे नट गाडीच्या कंपनीत यंत्रानं आवळलेले, हलायला तयार नव्हते. त्यानं पान्याला पाइप लावला आणि वर उभा राहून उडी मारायला गेला.

"उडी नको! नुसतं वजन टाका."

त्यानं वजन टाकलं. नट कुरकुरला आणि सुटला. मग दुसरा. जाकीटवाला कमरेवर हात ठेवून बघत होता. सुतारानं रबर लावलेला ठोकळा जॅकवर बसवला तेव्हा त्या जाकीटवाल्यानं हसू दाबलं. "लाकडावर गाडी उचलताय?"

 सासूबाई फळी सरकवून दांडा दाबायला लागल्या होत्या. खालच्या वळणावरून एक दणदणीत भोंगा ऐकू आला आणि तिथंच थांबला. म्हणजे पातं आलं होतं आणि यांच्यासाठी उभं राहिलं होतं. घाईत सुताराच्या हातून एक नट मातीत पडला. सासूबाईंनी तो उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "सावकाश. ते कुठं पळून जात नाही."

नवं चाक बसलं. गाडी खाली आली. सुतारानं नट समोरासमोरचे आवळले, पुन्हा एकदा सगळे आवळले आणि गाडी वळणाच्या पुढं, रस्ता रुंद होतो तिथं कडेला नेऊन लावली. अरुंद चाकावर ती किंचित तिरकी दिसत होती, टाच तुटलेल्या चपलेसारखी, पण उभी होती.

मग पातं आलं.

आधी ओढणारा ट्रक आला. त्याच्या मागं पांढरा, गोल, घराच्या दाराएवढा जाड बुंधा. त्यामागं पातं येतच राहिलं. सुताराला वाटलं, आता संपेल, पण ते संपेना. बुंधा दोघांच्या समोरून पुढं निघून गेला तरी टोक अजून वळणाच्या पलीकडं होतं. टोकाकडच्या चाकांबरोबर एक माणूस चालत होता आणि हातातल्या यंत्रानं ती चाकं वेगळीच वळवत होता. पात्याचं टोक दरीवर गेलं, खाली नुसती हवा असताना तिथून सावकाश फिरलं आणि पुन्हा रस्त्यावर आलं. त्याची सावली गाडीवरून, कपाटावरून, सासूबाईंच्या पांढऱ्या केसांवरून सरकत गेली. 

सुतारानं जन्मभर लाकडाला वळणं दिली होती. खुर्चीच्या पाठीचं एक वळण साधायला त्याला दिवस लागायचा. या पात्यात सरळ रेघ म्हणून नव्हती. बुंध्याशी गोल, मग चपटं, मग पिळत पिळत बारीक होत गेलेलं, आणि कुठंही जोड दिसत नव्हता. त्याचा हात आपोआप हवेत त्या वळणावरून फिरला. 

थोडं पुढं सपाटीवर ट्रेलर पात्याचे पट्टे तपासायला थांबला. जाकीटवाला सुताराजवळ आला आणि म्हणाला, "तुमच्या ठोकळ्याला हसलो खरा. पण याच्याही आत लाकूडच आहे."

"कशात?"

"पात्यात. वरून काचेचे धागे आणि राळ, आत हलकं लाकूड. हात लावून बघा, कुणी ओरडणार नाही."

सुतार जवळ गेला आणि त्यानं तळहात टेकवला. पातं उन्हानं कोमट झालं होतं. त्यानं बोटाच्या पेरानं टक टक केलं, दार तपासतात तसं, आणि कान लावला. आवाज आत कुठंतरी लांब गेला. शेजारी सासूबाईंनीही दोन्ही हात टेकवले होते आणि डोळे मिटले होते.

"हे वाऱ्यानं फिरतं?" त्यांनी विचारलं.

"वाऱ्यानंच, आई," तो म्हणाला.

ट्रेलर निघाला. सुतारानं अरुंद चाकाचा मान राखून गाडी त्याच्या मागं सावकाश नेली, आणि पातं वरच्या पठाराकडं वळलं तेव्हा दोघंही हळहळले.

कपाटाच्या बाई दारातच उभ्या होत्या. "किती उशीर! वाट बघून डोळे दुखले. झालं काय?"

"पातं आलं," सुतार म्हणाला.

"एवढं," सासूबाईंनी दोन्ही हात फाकवले, पण ते पुरण्यासारखे नव्हतेच. त्या पायरीवर गेल्या. "एक टोक इथं धरा." मग वळल्या आणि चालायला लागल्या. अंगण ओलांडलं, फाटक ओलांडलं, शेजारच्या घराच्या भिंतीकडेनं पुढं गेल्या. बाई सुताराकडे बघायला लागल्या. सासूबाई चालतच होत्या, लहान लहान होत. रस्त्याच्या पार टोकाशी पोचल्यावर त्या थांबल्या, इकडं तोंड केलं आणि उंच हात केला.

"अजून थोडं!" सुतार जिवाच्या आकांतानं ओरडला.