लोटनचा डावा अंगठा

जळगावच्या जखमी मजूर मंडळाचा अध्यक्ष मी, चिटणीस मी, आणि सभेआधी सतरंजी अंथरणाराही मीच. ही १९२८ सालची गोष्ट.

जखमी मजुरांसाठी कायदा होता, नाही असं नाही. पण त्यात मेख अशी की, यंत्रात हात गेला तरी पहिल्या दहा दिवसांची भरपाई नाही. दहा दिवस काय अंगठ्याचं सुतक पाळायचं? ही अट काढा म्हणून मी तीन वर्षं भाषणं ठोकत होतो. ती ऐकून बायको सोडून कोणाचंही मन वळलं नाही, आणि तिचंही मी गप्प बसावं याकडे वळलं.

शेवटी सरकारी चौकशी समितीचं पत्र आलं: एका तरी जखमी मजुराची जबानी जोडा, नाहीतर अर्ज रद्द. मी भडगावहून लोटनला बोलावलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्ये त्याचा डावा अंगठा मुळापासून गेला होता. त्याचा धाकटा भाऊ वना अजून त्याच यंत्रावर होता.

"मनं व्हयनं ते व्हयनं," लोटन म्हणाला, "पन वनावर तसा दहा दिन येवाले नकोत."

जबानी लिहून आम्ही कचेरीत गेलो. सोबत त्याची बायको भिकुबाई. कारकुनानं शाईची गादी पुढे सरकवली.

"डावा अंगठा लाव."

"तोच नही शे, रावसाहेब. त्यानाच अर्ज शे."

"मग उजवा लावू द्या," मी म्हणालो.

"पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. उजवा लावला तर दप्तरी ही लोटनबाई होईल."

"मंग मी घर कोनासंगे नांदू?" भिकुबाईनं विचारलं.

मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. माझं डोकं तापलं. मी कारकुनाला नियम दाखवायला सांगितला, आणि त्यानं बोट ठेवून वाचला: 'पुरुषाचा डावा अंगठा घ्यावा.'

भिकुबाई वाकून कागदाकडे पाहत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण कान शाबूत होते. "हातना का पायना, ते लिखेल शे का?"

लिहिलेलं नव्हतं. कारकुनानं कागद उलटासुद्धा करून पाहिला. तोवर लोटननं वहाण काढून डावा पाय टेबलावर ठेवला होता. कारकुनाची तपकिरीची डबी आडवी झाली, तो शिंकत राहिला, आणि शिंकांच्या भरात त्यानं पायाच्या अंगठ्याचा ठसा घेऊन खाली लिहिलं: 'लोटनचा डावा अंगठा.' मी मनात पेढे वाटले.

महिन्याभरानं उत्तर आलं. ठसे तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या मते जबानी देणाऱ्याचा डावा अंगठा शाबूत असून आकारानं अजब आहे. सबब अर्ज खोटा दिसतो. चौकशीसाठी समितीचे साहेब जातीनं येतील. खोट्या जबानीला शिक्षा आहे, हेही खाली आठवणीनं लिहिलं होतं.

साहेब कचेरीत आले. सोबत भिंग आणि फूटपट्टी. तुटलेले हात पाहायला तीन वर्षांत कोणी फिरकलं नव्हतं, पण अजब अंगठा पाहायला पुण्याहून माणूस आला.

"अंगठा दाखव," साहेब म्हणाले.

लोटननं वहाण काढली.

"चेष्टा करतोस? हाताचा दाखव."

लोटननं हात पुढे केला. साहेबांनी भिंग उचललं आणि तसंच खाली ठेवलं. पाहायला काही नव्हतंच. मला भाषण सुचत होतं, पण भिकुबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

"पहिले दहा दिवस काय खाल्लंत?" साहेबांनी विचारलं.

"बकरी," भिकुबाई म्हणाली.

"बकरी खाल्लीत?"

"नही, सायेब. इकी टाकी. दूध पेवाले पोरगं व्हतं, ते मामाकडे धाडं."

साहेबांनी स्वतः नवी जबानी लिहून काढली. कारकुनानं शाईची गादी पुढे केली आणि सवयीनं म्हणाला, "साहेब, यावर अंगठा?"

लोटन निमूटपणे वहाणेकडे वाकला. साहेबांनी त्याचा खांदा धरून त्याला सरळ केलं. मग त्यांनी जबानीखाली आणखी एक ओळ लिहिली, तिच्याखाली सही केली, आणि मला मोठ्यानं वाचायला लावली.

'याला डावा अंगठा नाही. तो नसलेला मी स्वतः पाहिला.'