कोपऱ्यातला टेकू

वकीलबाईंनी पिवळी फीत उचलली आणि वाकून छताखाली शिरल्या.

"ताई, तिथे नका जाऊ," कंत्राटदार बाहेरून म्हणाला. "टेकूंवर उभंय ते. एक हलला तरी सगळं खाली."

"म्हणूनच आले."

बाहेर भर उन्हात लवाद, दोन्ही बाजूंची माणसं आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली टंकलेखिका. वाचनालयाच्या या पोर्चला भेगा पडल्या होत्या. नकाशाच कच्चा होता, असं कंत्राटदार म्हणत होता. नकाशा काढणारे म्हातारे इंजिनिअर, म्हणजे बाईंचे अशील, फितीपाशी ओठ मिटून उभे होते. येताना गाडीत बाईंनी पढवलं होतं, "काका, तोंडाला कुलूप. कुणी काही विचारलं तर माझ्याकडे बघायचं."

पर्समध्ये फोन थरथरला. सर असणार, बाईंचे सीनियर. त्यांचं एकच म्हणणं: काकांनी सगळा दोष कबूल करून सही करावी, विमा कंपनी पैसे भरेल, विषय संपेल. "म्हाताऱ्याला आता कुठे नव्या इमारती काढायच्यात?" सर सकाळी म्हणाले होते.

काढायच्या होत्या. पण त्या सहीनंतर नकाशावर काकांची सही कुणी चालवून घेतली नसती.

बाईंनी फोन थरथरू दिला.

नोंदीत आलं: जागेची पाहणी केली. छताखाली लोखंडी टेकू आढळले.

नोंदीत आलं नाही: बाईंनी पहिल्या टेकूला दोन बोटं लावली आणि तो बरणीच्या झाकणासारखा गरकन फिरला. अंगावर भार असलेला टेकू असा फिरत नाही. दुसरा फिरला. तिसराही. बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे नक्की काय उचलून धरतायत?"

"खबरदारी म्हणून लावलेत, ताई."

"आत्ता तर सगळं खाली येत होतं."

कंत्राटदाराचा वकील आपले बूट न्याहाळू लागला.

राहिला कोपऱ्यातला. बाईंनी बोटं लावली. मग मूठ आवळली. तो हलेना. त्यांनी धूळ झटकल्यासारखा हात खाली आणला आणि वळल्या.

"पुरे एवढं."

पण काका तोवर आत आले होते. त्यांनी त्याच टेकूवर हात ठेवला.

"हा घट्ट आहे."

"काका."

"या कोपऱ्याचा भार मी कमी धरला. ती चूक माझी. भेगा पडल्या त्या यांनी काँक्रीट ओलं असतानाच साचे काढले म्हणून." ते लवादांकडे बघत होते, बाईंकडे बघायचं ठरलेलं साफ विसरले होते. "माझं तेवढं मी घेतो. यांचं घेणार नाही."

समोरच्या वकिलाच्या तोंडाला पाणीच सुटलं.

"मॅडम, हे तुमच्या अशिलाचं म्हणणं समजायचं ना?"

वय झालंय म्हणता आलं असतं. ऊन लागलंय म्हणता आलं असतं. फोन पुन्हा थरथरला. बाईंनी तो बाहेर काढला आणि सगळ्यांदेखत बंद केला.

"समजायचं. शब्दन्‌शब्द घ्या. 'यांचं घेणार नाही', तेसुद्धा."

नोंदीत आलं: वरीलप्रमाणे.

नोंदीत आलं नाही: लवाद कुणी न बोलावता फितीखालून आत आले. पहिला टेकू त्यांनी स्वतः फिरवला, मग दुसरा, मग तिसरा. कोपऱ्यातल्याशी थोडा वेळ झटले.

"हाच ना?"

"हाच," काका म्हणाले.

लवादांनी हाताला लागलेला गंज रुमालाला पुसला आणि तिथेच, छताखाली, उभे राहिले. टंकलेखिका लॅपटॉप छातीशी धरून आत आली. मग समोरचा वकील, घाम टिपत.

बाहेर एकटा कंत्राटदार उरला.

"या की आत," वकीलबाई म्हणाल्या. "सावली आहे."

त्यानं एक पाऊल टाकलं. मग मान वर करून, स्वतः बांधलेल्या छताकडे बघत, तो फितीच्या पलीकडेच थांबला.